चार चिठ्ठ्यांचा उन्हाळा

चैत्र लागला की मुखेडच्या स्टँडवर लातूरच्या गाडीला पोरींची गर्दी वाढते. पाठीला फुगलेल्या सॅक, हातात पाण्याची बाटली, आणि मागं एखादीची आई, डब्याची पिशवी पोटाशी धरून. पंचायतीच्या कामाला जाताना माझा रस्ता स्टँडवरूनच आहे. आता सात वर्षं झाली, तरी कंडक्टरनं "लातूर, लातूर" असा पुकारा केला की माझ्या तळहातांना घाम सुटतो. ओळखीचं कुणी भेटलं आणि "काय मॅडम, उकडून राहिलं का?" म्हणालं, की मी हो म्हणते. उन्हाळा आहे, कुणाला शंका येत नाही. भीतीचं कारण कधीच निघून गेलंय. भीती मात्र हंगामाच्या पिकासारखी ठरल्या वेळी उगवते.

त्या वर्षी आमची प्रज्ञा बारावीला होती. दहावीला तिनं तालुक्यात नाव काढलं आणि सगळ्यांनीच ठरवून टाकलं की ही डॉक्टर होणार. हुशार पोरगी म्हटल्यावर आमच्याकडे दुसरा रस्ता कुणाला सुचत नाही. लातूर, तिथला क्लास, आणि नीटची परीक्षा. मी गावच्या ग्रामपंचायतीत संगणकावर दाखले काढून द्यायचं काम करत होते. ते सोडलं आणि तिच्यासोबत स्वयंपाकाला म्हणून लातूरला गेले. हे मुखेडच्या डेपोत मेकॅनिक, ते घरीच राहिले.

ज्यांनी लातूरच्या त्या गल्ल्या पाहिल्या नाहीत त्यांना सांगते. एकेका घराला चार-पाच खोल्या, आणि प्रत्येक खोलीत एक आई आणि एक लेकरू. कुणी देगलूरची, कुणी निलंग्याची, कुणी हिमायतनगरची. पहाटे सगळीकडे एकदम कुकरच्या शिट्ट्या. लेकरं गेली की बाया दारात येऊन बसायच्या. बोलणं मार्कांचंच. आणि एक गोष्ट अशी होती की जी कुणीच बोलायचं नाही. मागच्या साली पलीकडच्या गल्लीत एका खोलीत काहीतरी झालं होतं, एवढंच आम्हांला माहीत. त्या घरासमोरून जाताना बाया आपोआप गप्प व्हायच्या.

आमच्या घरमालकीण रुक्साना आपा. खोली दाखवताना त्यांनी आधी मोरी दाखवली, मग खिडकी, मग कोपऱ्यातला टेबलफॅन. मी छताकडे पाहिलं. नुसता हूक होता, आणि तोही वाकवून छतात दाबलेला.

"वरचा पंखा मी ठेवत न्हाई," आपा म्हणाल्या. "पोरांना खोल्या देती ना मी."

मी का म्हणून विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ते वाकवलेलं लोखंड माझ्या डोक्यात राहायलाच आलं.

दुपारी खोली खायला उठायची. भांडी झाली, कपडे झाले, पुढं काय? पंचायतीत पुन्हा काम मिळवायचं तर आता पदविका लागणार, असं कानावर आलं होतं. हे म्हणाले, "शिक की मग. पोरगी शिकून राहिली, माय बी शिकंल." मी नांदेडच्या एका कॉलेजात दूरशिक्षणानं संगणक पदविकेला नाव घातलं. पुस्तकं घरी यायची आणि दर रविवारी नांदेडला वर्ग. पहाटेची गाडी धरायची आणि दिवेलागणीला परत. प्रज्ञाची क्लासमधली चाचणीही रविवारीच असायची. मला वाटलं, बरंच झालं. ती तिच्या पेपराला, मी माझ्या वर्गाला. कुणी कुणाच्या पायात नको.

बाकीचे विषय कसेबसे उतरत होते. डेटाबेसचं पुस्तक मात्र मी उघडायचंच टाळायची. माहितीचे तक्ते कसे आखायचे, कोणती माहिती कुठं ठेवायची, एका तक्त्याचा धागा दुसऱ्याला कसा जोडायचा, असा सगळा तो विषय. मी वीस वर्षांनी परीक्षेला बसणार होते. एक पान चारदा वाचायचं आणि पाचव्यांदा पहिल्यासारखंच कोरं. रविवारी गाडीत बसले की लोहा येईपर्यंत मी पोटावर पिशवी घट्ट दाबून बसायची. वर्गात पोरं माझ्या निम्म्या वयाची. एंटर दाबायच्या आधी मी सगळं दोनदा वाचायची, जणू काही दाबलं तर इमारतच बसेल.

पांचाळ सर शिकवायला होते. वयानं लहान, पण चिडायचे नाहीत. एकदा म्हणाले, "मॅडम, तुमच्या गावात तीन सुजाता वाघमारे असल्या तर रेशनवाला तुम्हांला ओळखणार कशावरून?"

"नंबरावरून."

"बस. इथंही तेच. प्रत्येक नोंदीला एक नंबर, तो दुसऱ्या कुणाला नाही. तोच नंबर पुन्हा दिला तर मशीन नोंद घेणार नाही. कितीही एंटर मारा."

हे मला कळलं. त्या विषयातलं मला पहिल्यांदा नीट कळलेलं हे एवढंच.

प्रकल्पासाठी सर म्हणाले, घरातलीच माहिती घ्या, म्हणजे भेव वाटणार नाही. मी प्रज्ञाच्या चाचण्यांची घेतली. दर चाचणीनंतर क्लासमधून एक चिठ्ठी मिळायची. तीन विषयांचे मार्क, कोपऱ्यात बारीक छापलेला चाचणीचा नंबर, वर पेनानं लिहिलेली तारीख. त्या चिठ्ठ्या मी एका प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवायची. नांदेडला जाताना सोबत न्यायच्या आणि लॅबमध्ये बसून एकेक भरायची. फेब्रुवारीपर्यंत मी तेरा भरल्या. एकेक ओळ पडद्यावर उमटली की वाटायचं, आपण काहीतरी करून राहिलो.

दुपारी प्रज्ञा घरी आली की कधीकधी माझं पुस्तक हिसकून घ्यायची आणि मलाच प्रश्न विचारायची. मी चुकले की हसायची. ते हसणं मला इतकं आठवतं की बाकीचं तेव्हा दिसलंच नाही. शनिवारी रात्री तिचं पोट दुखायचं. मी ओवा द्यायची. पोळी अर्धीच राहायची. नखं तर खाऊन खाऊन मांसापर्यंत गेलेली. मी म्हणायची, "अभ्यासाचा ताण हाय, व्हतंय." गल्लीतल्या सगळ्याच लेकरांची नखं तशी होती. सगळ्यांचंच तसं असलं की माणसाला ते नेहमीचंच वाटतं.

मार्चअखेरचा तो रविवार. मधले काही रविवार नुसते वर्ग झाले, लॅब बंद होती, म्हणून माझ्याजवळ चार नव्या चिठ्ठ्या साठल्या होत्या. लॅबमध्ये दोन कूलर घरघरत होते आणि वारा फक्त दाराशी लागत होता. मी पहिली चिठ्ठी भरली, एंटर दाबलं. पडद्यावर तांबडी ओळ आली. डुप्लिकेट एन्ट्री. पुन्हा भरली. पुन्हा तेच. म्हटलं राहू दे, दुसरी घेऊ. तेच. तिसरी, चौथी, तेच. प्रकल्प महिन्यावर आलेला आणि मी काहीतरी मोडून ठेवलंय.

"सर, माझं काय तर चुकून राहिलं. हे घेईना गेलंय."

सर आले. मागं उभे राहून त्यांनी पडदा पाहिला, मग माझ्या हातातली चिठ्ठी.

"मॅडम, तुमचं काही चुकलं नाही. सात नंबरची चाचणी तुम्ही जानेवारीतच भरलीय. हे बघा, मार्कसुद्धा तेच. फक्त तारीख वेगळी आहे." मग त्यांनी बाकीच्या तीन पाहिल्या. "नऊ, दहा, बारा. याही आधीच आहेत. जुन्याच चिठ्ठ्या आल्या वाटतं तुमच्याकडून."

मी पिशवी टेबलावर उलटी केली. जुन्या चिठ्ठ्या लावून पाहिल्या. सात नव्हती. नऊ नव्हती. दहा, बारा नव्हत्या. हातातली चिठ्ठी खिडकीकडे धरली. तारखेच्या जागी कागद विरळ झाला होता, ब्लेडच्या पातीनं खरवडल्यासारखा, आणि त्यावर नवा आकडा. अक्षर प्रज्ञाचं. तिचा चारचा आकडा मी कुठंही ओळखीन.

म्हणजे चार रविवार ती चाचणीला गेलीच नव्हती. मग चार रविवार, मी इथं वर्गात बसले होते तेव्हा, ती कुठं होती?

मी बाहेर येऊन फोन लावला. प्रज्ञाकडं साधा, बटणांचा फोन होता. रिंग गेली. उचलला नाही. परत. परत. पाचव्यांदाही नुसतीच रिंग. आपांना लावला, तर त्यांच्या मोठ्या मुलानं उचलला. तो औशाला कामावर होता. "अम्मीचा फोन माझ्याजवळ राहिला आज," म्हणाला. क्लासला लावला. तिथल्या बाईंनी रजिस्टर पाहून सांगितलं, "गैरहजर आहे. पालकांच्या नंबरावर दर वेळी मेसेज केलाय आम्ही." कोणता नंबर म्हणून विचारलं, तर तो प्रज्ञाचाच होता. फॉर्मवर माझ्या नंबराच्या जागी तिनं स्वतःचा टाकला होता.

माझ्यासोबत देगलूरचे शंकरअप्पा शिकायला होते. बाजार समितीत कारकून, पन्नाशीचे, मराठीत मधूनच तेलुगू मिसळून बोलणारे. माझं तोंड पाहताच ते उठले. स्कूटर काढली. "बसा अम्मा," म्हणाले. स्टँडवर लातूरची गाडी निघतच होती. चालत्या गाडीला हात करून त्यांनी ती थांबवली आणि माझी पिशवी आत फेकली. पुस्तक लॅबमध्येच राहिलं.

नांदेड ते लातूर साडेतीन तास. त्या साडेतीन तासांत माझं मन कुठं कुठं जाऊन आलं ते सगळं मी लिहिणार नाही. खिडकीचा गज तापलेला होता आणि मी तो सोडत नव्हते. छताचा हूक वाकवलेला आहे, वाकवलेला आहे, असं मी मनाला सांगायची. मग मन म्हणायचं, गच्चीला कठडा नाही. लोह्याला गाडी थांबली, लोक रसवंतीवर उतरले. कंडक्टर चहा पिऊन राहिला होता. मला त्याच्या हातातला ग्लास हिसकून घ्यावासा वाटला. मी ह्यांना फोन केला.

"प्रज्ञाला फोन लावा बरं तुमी."

"का? काय झालं?"

"काई न्हाई. मी लावला, उचलना."

थोड्या वेळानं त्यांचा फोन आला. "उचलना. झोपली आसंल दुपारची." मग हळू आवाजात, "सुजा, काय झालंय गं?"

मी फोन ठेवला. सांगितलं तर खरं होईल असं वाटलं. अहमदपूरच्या पुढं मी पुन्हा तिला फोन लावला आणि आता तो बंद लागला. त्यानंतर चाकूर कधी गेलं मला आठवत नाही. एवढं आठवतं, की शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं माझ्या मांडीवर हात ठेवला होता आणि लातूर येईपर्यंत काढला नाही. ती कोण, कुठली, काही माहीत नाही.

आणि सारखं एकच डोक्यात. मी माझ्या शिक्षणापायी लेकराला एकटं सोडलं. नोकरी सोडून तिच्यासाठी आले म्हणून मिरवत होते आणि नेमक्या त्याच दिवशी, दर रविवारी, मी तिच्याजवळ नव्हते.

गल्लीच्या तोंडाशी रिक्षा सोडली. ऊन कलतीला लागलं होतं. खोलीचं दार नुसतं लोटलेलं. आत टेबलफॅन चालू, समोर कुणी नाही. पुस्तक उघडं, त्यावर तिचा चष्मा. फोन खिडकीत पडलेला, बॅटरी संपून मेलेला. चष्म्याशिवाय तिला चार हातांवरचं दिसत नाही. चष्मा काढून ठेवून ती गेली कुठं?

मी जिना चढले. किती पायऱ्या एकदम चढले असेन कोण जाणे. गच्चीवर वाळत घातलेले कपडे, दुसरं काहीच नाही. तेवढ्यात खालून आवाज आला. ठक, ठक. थांबून पुन्हा ठक. मी गुडघ्यांवर रांगत कडेपर्यंत गेले आणि खाली पाहिलं.

परसात चार-पाच बाया चिंचा फोडत बसल्या होत्या. उन्हाळ्यात आपा व्यापाऱ्याकडून पोती आणून घरी फोडून द्यायच्या. मध्ये पोत्यावर, डोक्याला आपांची जुनी ओढणी गुंडाळून, हातात लाकडी मोगरी घेऊन प्रज्ञा बसली होती. चिंच ठेचायची, चिंचोके बाजूला टाकायचे, पुढची घ्यायची. वरून मला ओढणीखालून सुटलेली तिची वेणी दिसत होती. मी त्या तापलेल्या फरशीवर तशीच बसून राहिले आणि किती तरी वेळ नुसती ती ठकठक ऐकली.

खाली गेले तेव्हा आपा म्हणाल्या, "अगं, आज लौकर? अन् अशी का हाफून राहिलीस? पोरीला काई बोलू नको, लई कामाची हाय. रविवारची सुट्टी असती म्हणून येती माझ्यापाशी."

प्रज्ञानं माझ्या हातातल्या चिठ्ठ्या पाहिल्या. मोगरी खाली ठेवली.

खोलीत आल्यावर मी दार लावलं. रागवायचं ठरवूनच आले होते. पण तिच्या चिंचेनं काळ्या झालेल्या बोटांकडे पाहिलं आणि आधी हात धुवायला पाणी दिलं. तीच बोलली.

"पेपर हातात घेतला की छातीत धडधडतंय, मम्मी. अक्षरं पळत्यात. एक दिवस मी अर्ध्यातून उठून आले. पुढच्या रविवारी क्लासच्या दारापोतर गेले, अन् पाय आत जाईना. मग जायचंच भेव वाटाया लागलं."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तू नोकरी सोडून आलीस ना माझ्यापायी."

तिनं ते इतक्या साधेपणानं म्हटलं. मी खाली बसले. आमच्या दोघींच्या मध्ये तो टेबलफॅन मान फिरवत होता, तिचे केस उडायचे, मग माझे. मग मी म्हटलं, "मी नांदेडला जाते ना, लोह्यापोतर पोट धरून बसते."

"का?"

"भेव वाटतंय. नापास झाले तर? पोरं हसतील. तुझे पप्पा काई म्हणायचे न्हाईत, पर लोक म्हणतील, या वयात कशाला गेलती."

तिची आई कशाला तरी भिते हे तिला सतरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आणि मी कधी दिसू दिलं नव्हतं. माझं चुकलं ते तिथं, असं आता वाटतं.

दुसऱ्या दिवशी हे आले. येताना डेपोतल्या कपड्यांवरच, हातात द्राक्षांची पिशवी. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. टेबलफॅन खडखडत होता, तो खोलून बसले. तासभर त्याचा एकेक भाग पुसला, तेल दिलं, जोडला. मग त्याच्याकडे बघतच म्हणाले, "प्रज्ञे, बारावीचं झालंय. नीटचं या साली ऱ्हाऊ दे. घरी चल." ती रडली. तोपर्यंत रडली नव्हती. पुढचे काही महिने आम्ही तिला मनाच्या डॉक्टरांकडे नेत होतो. गोळ्या होत्या, बोलणं होतं. भावकीत कुजबुज झाली, हुशार पोरगी वाया गेली म्हणून. एकदा ह्यांच्यावर एका लग्नात जेवणाचं ताट तसंच ठेवून उठायची वेळ आली. पण पोरगी हळूहळू जेवायला लागली. नखं वाढली.

आता ती हिमायतनगरला एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. काम आवडतं तिला. विभागाची एखादी परीक्षा आली की अजून हात गार पडतात, मग ती मला फोन करते आणि आम्ही दुसरंच काही बोलतो. मीही पास झाले होते, काठावर. त्या कागदावर पंचायतीतलं काम परत मिळालं. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी विचारलं होतं, "तेरा चाचण्यांवर थांबलात? पुढच्या कुठं आहेत?" मी म्हटलं, "पुढच्या दिल्या न्हाईत, सर." त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.

अजूनही तिनं दोनदा फोन उचलला नाही की माझ्या हातातलं काम थांबतं. ती म्हणते, "मम्मी, मी पेशंटजवळ असते गं." मी म्हणते, हाव, असशील. आणि तिसऱ्यांदा लावते.

त्या साली जूनमध्ये माझा डेटाबेसचा पेपर होता. प्रज्ञा म्हणाली, मी येते. नांदेडला आम्ही दोघी गेलो. कॉलेजच्या फाटकासमोर पोरांची झुंबड, हातात पॅड, तोंडानं पुटपुटणं. पाच मिनिटं राहिली असतील. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "मला न्हाई जमत. चल घरी."

मला वाटलं ती म्हणेल, जा गं, काही होत नाही. सगळे हेच म्हणतात, मीही तिला वर्षभर तेच म्हणत आले होते. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली आणि म्हणाली, "बरं. चल." आणि खरंच स्टँडच्या दिशेनं वळली. तिला काहीही पटवून द्यायचं नव्हतं.

मी दोन पावलं तिच्यामागं गेले. मग थांबले. तिच्या खांद्यावरच्या पिशवीतून पॅड आणि पेन काढून घेतलं आणि आत गेले.

तीन तासांनी बाहेर आले तेव्हा बदामाच्या झाडाखाली चार-पाच आईबाप बसले होते, आपापल्या लेकरांची वाट पाहत. त्यांच्यातच प्रज्ञा बसली होती, गुडघे छातीशी घेऊन. मला पाहून उठली. पेपर कसा गेला हे तिनं विचारलं नाही.

"भेव वाटलं?"

"शेवटपोतर," मी म्हटलं.

"मला बी," ती म्हणाली. "हितं बसून."